आधी गिऱ्हाईक, मग हंगामाचा पैसा, मग अनुदान

सिंधुदुर्गात काजू, कोकम किंवा आंब्यावर प्रक्रिया करू पाहणारे वाचक एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात: "कोणत्या योजनेत किती सबसिडी बसेल?" हा प्रश्न पडणं साहजिक आहे, कारण सरकारी माहितीपत्रकांत सर्वांत ठळक अक्षरांत तोच आकडा छापलेला असतो. मात्र धंद्याचा निर्णय त्या आकड्यापासून सुरू झाला की क्रम उलटा होतो. अनुदान जास्त बसावं म्हणून यंत्र मोठं घेतलं जातं, यंत्रासाठी शेड बांधली जाते आणि मार्चमध्ये काजूबी बाजारात येते तेव्हा ती विकत घ्यायला हातात पैसा उरत नाही. बँकेचा हप्ता मात्र यंत्र चालो वा न चालो, ठरल्या तारखेला येतो. या लेखात उलट्या बाजूने जायचं आहे: आधी माल कोण घेणार ते ठरवायचं, मग हंगामाला किती पैसा अडकेल ते मोजायचं, आणि अनुदानाचा विचार त्यानंतर करायचा.

उदाहरणं सिंधुदुर्गातली घेतली आहेत. १९८१ साली स्वतंत्र झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात मोठे कारखाने फार थोडे आहेत, जमिनीचे तुकडे लहान आहेत आणि बागायतदाराच्या हाती पैसा येतो तो वर्षातल्या तीन-चार महिन्यांत. इथली गावं सावरायची तर काजूबी, रातांबे (कोकमाची फळं), आंबा यांची किंमत गावातच वाढली पाहिजे, आणि ते काम लहान घटकच करू शकतात. कायदे आणि योजनांचे नियम मात्र राज्यभर सारखे आहेत. आजरा-चंदगडच्या काजूवाल्यांना, सांगलीच्या बेदाणा उत्पादकांना किंवा वायगावच्या हळदवाल्यांनाही हेच गणित थोड्याफार फरकाने लागू पडेल.

माल कोण घेणार, हे आधी लिहून काढा

"काजूला मागणी आहेच" हे वाक्य खरं असलं तरी त्यावर धंदा उभा करता येत नाही. मागणी कुणाची, कोणत्या प्रतीची आणि पैसे किती दिवसांनी, या तीन गोष्टी कळल्याशिवाय यंत्र निवडता येत नाही. काजूगराची प्रत नगांवर ठरते. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात २४० पर्यंत अख्खे गर, डब्ल्यू-३२० म्हणजे ३२० पर्यंत. नग जितके कमी तितका गर मोठा आणि भाव जास्त. पाकळी, तुकडा आणि कणी यांचे भाव याहून बरेच खाली असतात. फोडताना आणि सोलताना किती गर अख्खे निघतात, यावर तुमचा नफा उभा असतो. त्यामुळे अख्खे गर कुणाला विकायचे आणि तुकडा कुणाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुकडा मिठाईवाले आणि बेकरीवाले घेतात, पर्यटक घेत नाहीत.

साधारणपणे तुमच्यासमोर चार वाटा असतात:

- दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम: मोठ्या कारखान्याची बी फोडून किंवा सोलून द्यायची. नफा कमी, पण बीत पैसा अडकत नाही.
- पर्यटकांची दुकानं आणि हॉटेलं: मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले, सावंतवाडी. भाव बरा मिळतो, पॅकिंग नेटकं लागतं आणि पावसाळ्यात विक्री मंदावते. दुकानदार बहुधा माल विकल्यावर पैसे देतो.
- मुंबईकर चाकरमानी आणि थेट गिऱ्हाईक: मे महिना, गणपती आणि शिमगा हे मोठे हंगाम. पैसे रोख किंवा आगाऊ मिळतात, पण प्रत्येक पाकीट वेगळं पाठवावं लागतं.
- घाऊक व्यापारी: एकदम मोठा माल उचलतो, भाव कमी देतो, उधारी लांबवतो.

यातल्या दोन वाटा निवडा आणि दोन्हींकडे किती किलो जाईल ते लिहा. चारही वाटांवर एकाच वर्षी चालू नका. प्रत्येकीला वेगळी प्रत, वेगळं पॅकिंग आणि वसुलीची वेगळी पद्धत लागते.

यावर लगेच हरकत येते की माल तयारच नसताना गिऱ्हाईक कसं बोलणार? हरकत रास्त आहे आणि तिला उत्तरही आहे. पहिल्या हंगामात स्वतःचं यंत्र न घेता दोन-तीनशे किलो चांगली बी चालू कारखान्यातून मजुरीवर फोडून, सोलून घ्या. अन्न नोंदणी काढा, साधं पण नियमाप्रमाणे लेबल असलेलं पाकीट करा आणि एक पूर्ण वर्ष विकून पाहा. कोणतं दुकान दुसऱ्यांदा माल मागतं, कोण भावावर अडतं, कुणाचे पैसे वेळेवर येतात, हे त्या वर्षात कळतं. बँकेत अर्ज कराल तेव्हा ही बिलं आणि खात्यातल्या जमा रकमाच तुमचा सर्वांत भक्कम कागद ठरतात. तयार साच्यातल्या प्रकल्प अहवालातले विक्रीचे आकडे शाखाधिकाऱ्याने ढिगाने पाहिलेले असतात.

हंगामाचं गणित: खरा पैसा कुठे अडकतो

काजूबी येते मुख्यतः मार्च ते मे. रातांबे एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत. कारखाना वर्षभर चालवायचा तर वर्षभराची बी याच तीन महिन्यांत विकत घेऊन, वाळवून, साठवून ठेवावी लागते. हा मुद्दा नीट लक्षात आला की बाकीचे अर्धे निर्णय आपोआप सुटतात, म्हणून आकडे मांडून पाहू. भाव दर वर्षी बदलतो. खालचे आकडे हिशेबाची पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या वर्षाचे घाला.

समजा, वर्षाला २० टन बी फोडायची आहे आणि सरासरी भाव किलोला १३० रुपये पडला. म्हणजे मेअखेर २६ लाख रुपये नुसत्या बीत गेले. चार किलो बीतून साधारण एक किलो गर निघतो असं धरलं तर ५ टन गर तयार होईल आणि मजुरी, जळण, वीज, पॅकिंग सोडून फक्त बीचाच खर्च गराच्या किलोमागे ५२० रुपये होईल. माल वर्षभर थोडा थोडा विकला जातो, त्यामुळे वर्षभरात सरासरी १३ लाख अडकलेले राहतात. ११ टक्के व्याज धरलं तर वर्षाला १ लाख ४३ हजार रुपये, म्हणजे किलोमागे सुमारे २९ रुपये नुसतं व्याज. आता घाऊक व्यापाऱ्याने महिन्याऐवजी तीन महिन्यांनी पैसे दिले असं समजा. ७५० रुपये भावाने वर्षाची विक्री साडेसदतीस लाखांची होते. त्यातली आणखी दोन महिन्यांची विक्री, म्हणजे सव्वासहा लाख रुपये, बाहेर राहते आणि किलोमागे आणखी १३-१४ रुपये जातात.

याच्या शेजारी अनुदान ठेवा. यंत्रांवर १० लाख खर्च करून ३५ टक्के अनुदान मिळालं तर साडेतीन लाख, तेही एकदाच, आणि तीन वर्षं नीट काम केल्यावर कर्जात वळतं होणारं. बीत अडकलेल्या पैशाचं तीन वर्षांचं व्याज मात्र सव्वाचार लाखांच्या वर जातं. याचा अर्थ अनुदान घेऊ नये असा नाही. मिळतं ते जरूर घ्यावं. पण धंदा टिकणार की बुडणार हे खेळत्या भांडवलावर ठरतं, आणि योजनेची जाहिरात तुमचं लक्ष नेमकं तिथून हटवते.

म्हणून एक नियम पाळा: हंगामात जितकी बी विकत घेता येईल, तितक्याच क्षमतेचं यंत्र घ्या. पाच टन बी घेण्याइतकाच पैसा असेल तर पाच टनांचाच घटक उभारा. "पुढे मोठं यंत्र लागणारच, मग आत्ताच अनुदानात का घेऊ नये?" असं अनेक जण म्हणतात. त्याला दोन उत्तरं आहेत. फोडणीची यंत्रं एकेक करून वाढवता येतात. शिवाय पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात आणि मुद्रा योजनेत उभ्या राहून चांगल्या चाललेल्या घटकांना विस्तारासाठी दुसऱ्या कर्जाची तरतूद आहे. या दुसऱ्या कर्जासाठी उत्पादन उद्योगात प्रकल्पाची मर्यादा १ कोटी आणि अनुदान १५ टक्के. पहिलंच कर्ज थकलं, तर हे दार बंद होतं.

पैसा फारच थोडा असेल तर काजूचा हट्ट धरू नका. आमसूल, आगळ आणि कोकम सरबत यांना यंत्र कमी लागतं आणि कच्च्या मालात अडकणारी रक्कम त्या मानाने लहान असते. तिथली अडचण वेगळी आहे: रातांब्याची साल वाळवायची वेळ आणि पावसाची वेळ एकच येते. त्यामुळे ड्रायरची सोय आधी पाहा, रातांब्याचा सौदा नंतर करा.

हंगामाचा पैसा उभा करण्याच्या वाटा

बँका लहान उद्योगाची कॅश क्रेडिट मर्यादा ठरवताना बहुधा उलाढालीची पद्धत वापरतात. नायक समितीच्या शिफारशीनुसार वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या निदान २० टक्के रक्कम बँकेने खेळतं भांडवल म्हणून द्यावी, असा तो हिशेब आहे. बारा महिने सारखा चालणाऱ्या धंद्याला तो ठीक बसतो. वरच्या उदाहरणात मात्र साडेसदतीस लाखांच्या विक्रीवर मर्यादा येते साडेसात लाख आणि मेअखेरची गरज आहे २६ लाख. इथेच काजूवाले अडकतात आणि सावकाराकडे किंवा व्यापाऱ्याच्या आगाऊ रकमेकडे वळतात. व्यापाऱ्याने आगाऊ रक्कम दिली की गराचा भाव तोच ठरवतो. २० टक्के ही किमान मर्यादा आहे, कमाल नाही. अर्जासोबत महिनावार तक्ता द्या: कोणत्या महिन्यात किती बी घेणार, किती गर विकणार, किती पैसे परत येणार. त्याच्या आधारे हंगामापुरती वाढीव मर्यादा लेखी मागा.

एवढ्याने भागलं नाही तर पुढच्या वाटा एकत्र वापरा:

- बागायतदाराशी हप्त्याचा करार. काही रक्कम माल घेताना, उरलेली गणपतीआधी, ठरलेल्या भावाने आणि लेखी. एकदा जरी तारीख चुकली तरी पुढच्या वर्षी ती बी दुसरीकडे जाईल, हे धरून चाला.
- शेतमाल तारण कर्ज. कृषी पणन मंडळाच्या या योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून शेतकऱ्याला किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळतं. काजूबी त्यात येते. कर्ज शेतकऱ्यालाच मिळतं, व्यापाऱ्याला नाही. पण बागायतदारांनी ते घेतलं तर त्यांना मे महिन्यातच बी विकायची घाई राहत नाही आणि तुम्हालाही टप्प्याटप्प्याने खरेदी करता येते. तुमच्या बाजार समितीत योजना चालू आहे का, ते आधी विचारा.
- बचत गटाचं बीजभांडवल. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत अन्न प्रक्रिया करणाऱ्या गटाच्या सभासदामागे ४०,००० रुपयांपर्यंत रक्कम खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी मिळते. ती गटांच्या संघामार्फत येते आणि सभासदाने परत करायची असते. चौकशी 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या तालुका कक्षात करा.

योजना निवडताना

आता अनुदानाकडे वळू. नाव घेण्यासारख्या योजना पुष्कळ आहेत, पण लहान प्रक्रिया घटकाला निर्णय बहुधा दोन-तीन योजनांतच करायचा असतो.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम फक्त नव्या घटकांसाठी आहे. चालू कारखान्याला यातून पहिलं कर्ज मिळत नाही. उत्पादन उद्योगासाठी प्रकल्प ५० लाखांपर्यंत, सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंत. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना ३५ टक्के अनुदान. स्वतःचा हिस्सा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. शहरी भागात अनुदान १५ आणि २५ टक्क्यांवर येतं. इथे जागेचा प्रश्न येतो: ग्रामपंचायतीची हद्द ग्रामीण धरली जाते, तर कणकवली, कुडाळसारख्या नगरपंचायतींची हद्द त्यात येत नाही. हद्दीच्या एका बाजूला शेड टाकायची की दुसऱ्या, यावर दहा टक्क्यांचा फरक पडू शकतो. प्रकल्प खर्चात खेळतं भांडवल धरता येतं, जमिनीची किंमत धरता येत नाही. उत्पादन उद्योगात १० लाखांच्या वरच्या प्रकल्पाला अर्जदार आठवी उत्तीर्ण हवा. पती-पत्नी मिळून एकच घटक मिळतो.

सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना (प्रधानमंत्री एफएमई) चालू घटकांनाही मिळते. अनुदान ३५ टक्के, घटकामागे जास्तीत जास्त १० लाख. अर्ज भरण्यापासून बँकेपर्यंत मदत करायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते आणि अर्जदाराने तिला काही द्यायचं नसतं. कृषी कार्यालयातून तिचं नाव मिळेल. या योजनेत अनुदानाचा हिशेब यंत्रं आणि तांत्रिक बांधकामावर होतो, खेळत्या भांडवलावर होत नाही. याच कारणाने ही योजना घेणाऱ्यांनी वरचं हंगामाचं गणित दुप्पट काळजीने करावं.

राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम केंद्राच्या कार्यक्रमासारखाच आहे आणि तो जिल्हा उद्योग केंद्रामार्फत चालतो. मुद्रा कर्जावर अनुदान नसतं, पण ५०,००० पर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण अशा गटांत विनातारण कर्ज मिळतं. मजुरीवर काम सुरू करणाऱ्याला किंवा कोकमवाल्याला बहुधा एवढं पुरतं आणि कागदही कमी लागतात. केंद्राच्या वरच्या दोन्ही अनुदान योजनांची मंजूर मुदत २०२५-२६ पर्यंतची होती. त्यामुळे अर्ज करण्याआधी त्या कोणत्या अटींवर सुरू आहेत, हे सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

फसगत होते ती बहुधा एका ठिकाणी. "सबसिडी मंजूर करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला टक्केवारी दिली जाते. या योजनांचा अर्ज मोफत आहे, उद्यम नोंदणीही मोफत आहे. तुमचा हिशेब दुसऱ्याने लिहिला तर बँकेत पहिल्या प्रश्नाला तुम्ही अडखळाल, हा तोटा त्या टक्केवारीपेक्षा मोठा आहे.

जागा: सातबारा आधी पाहा

कोकणात यंत्रापेक्षा जास्त अर्ज सातबाऱ्यावर अडतात. वडिलोपार्जित जमिनीवर सामाईक हिस्सेदारांची नावं ढीगभर असतात. काही मुंबईला असतात, काही हयात नसतात आणि वारसनोंद झालेली नसते. अशा जमिनीवर बांधलेल्या शेडला बँक कर्ज देताना सर्वांची संमती मागते. ती गोळा होईपर्यंत हंगाम निघून जातो. म्हणून पहिली तीन-चार वर्षं भाड्याची जागा हा बहुतेकांसाठी शहाणपणाचा पर्याय आहे: बंद पडलेली शेड, सोसायटीचं गोदाम किंवा औद्योगिक वसाहतीतला गाळा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत हवा आणि त्याची मुदत निदान कर्जफेडीइतकी असावी. भाडं वाया जातं असं वाटेल, पण गिऱ्हाईक अजून पक्कं नसताना बांधकामात घातलेले लाखो रुपये बी खरेदीसाठी कायमचे हातचे जातात. हिस्सेदारांची वाटणी आणि वारसनोंदीचं काम मात्र आजच सुरू करा. पुढच्या विस्ताराला ते लागेल.

परवाने: थोडे, पण वेळेत

- उद्यम नोंदणी: आधार आणि पॅनवर, ऑनलाइन, मोफत.
- अन्न सुरक्षा नोंदणी: उलाढालीनुसार साधी नोंदणी किंवा परवाना. दुसऱ्याचा माल नुसता पाकिटात भरणाऱ्यालाही लागते.
- वस्तू आणि सेवा कर: मालाच्या विक्रीत वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर राज्यांतर्गत विक्रीला नोंदणी सक्तीची नाही. गोव्यात किंवा बेळगावला विकायला गेलात की चित्र बदलतं. सिंधुदुर्गाला दोन राज्यांच्या सीमा लागून आहेत, म्हणून हे आधीच हिशेबनिसाकडून समजून घ्या.
- ग्रामपंचायतीचा दाखला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती: काजू भाजण्याच्या आणि वाफवण्याच्या पद्धतीनुसार अटी बदलतात.

कामगारांच्या बाबतीत दोन गोष्टी. काजूच्या टरफलातल्या तेलाने हात भाजतात, तेव्हा हातमोजे ही मालकाची जबाबदारी आहे. आणि सोलणीचं काम किलोमागे उक्तं दिलं तरी किमान वेतनाचा नियम लागू राहतो. तरबेज सोलणाऱ्या बायका टिकल्या तरच अख्ख्या गरांचं प्रमाण टिकतं, म्हणून इथली काटकसर महागात पडते.

बँकेत तुमचे हक्क

"बँक देतच नाही, मग एवढा हिशेब कशाला?" ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे आणि ती पुष्कळदा खरी असते. तरीही तोंडी नकार ऐकून परत न येणं, हा त्यातला तुमच्या हातातला भाग आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या अर्जाची पोच मिळाली पाहिजे आणि नकाराची कारणं लेखी मिळाली पाहिजेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागायचं नसतं. त्यावरच्या कर्जांना पतहमी निधी न्यासाचं संरक्षण घेता येतं.

क्रमाने असं करा:

१. अर्जाआधी स्वतःचा पतअहवाल पाहा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षात एक अहवाल मोफत मिळतो. कुणाच्या जामिनाचं जुनं थकीत कर्ज त्यात निघालं तर आधी ते मिटवा.

२. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, महिनावार तक्ता आणि मागच्या वर्षाची बिलं जोडा.

३. नकार आला तर लेखी कारण मागा. कारण दुरुस्त करण्यासारखं असेल तर दुरुस्त करून पुन्हा जा.

४. उत्तरच येत नसेल तर जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला लिहा. सरकारी योजनांचे प्रलंबित अर्ज जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या बँकांच्या समित्यांत चर्चेला येतात.

५. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

सरकारी दाखल्यांसाठी असाच आधार २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचा आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते, ती उलटली की अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

उधारी थकली तर

तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून असेल तर २००६ च्या कायद्यानुसार खरेदीदाराने करारात ठरलेल्या दिवसांत, आणि करारात काहीही लिहिलं असलं तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे द्यायचे असतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. तक्रार सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. परिषदेच्या निकालाला न्यायालयात आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. नोंदणी माल देण्याआधीची असावी आणि प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असावा. गर नुसता विकत घेऊन पुन्हा विकणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.

पण ज्याच्यावर तुमचा निम्मा धंदा चालतो, त्या व्यापाऱ्याविरुद्ध परिषदेकडे जायला कुणाचाही हात धजत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. म्हणून कायद्याचा उपयोग आधी बोलणीत करा. माल देताना बिलावर "४५ दिवसांत देय" असं छापा. प्राप्तिकराच्या नियमांत २०२३ साली झालेल्या बदलामुळे, या मुदतीत न दिलेली आणि मार्चअखेरही थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाचा खर्च म्हणून वजा करता येत नाही. त्यामुळे मार्चअखेर जवळ आली की त्याचा हिशेबनीसच तुमचं बिल वर काढतो. थकबाकीची आठवण फेब्रुवारीतच लेखी द्या. एका खरेदीदाराकडे एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त उधारी ठेवायची नाही, ही मर्यादा स्वतःला घालून घ्या.

गावाने मिळून करण्यासारखं

काही खर्च एकट्या घटकाला कधीच झेपत नाहीत: ड्रायर, कोरडं गोदाम, प्रतवारीचं यंत्र, तपासणी. शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था किंवा बचत गटांचा संघ यांनी सामाईक सुविधा उभारली तर सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. वेंगुर्ला काजू, सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम आणि हापूस यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण पाकिटावर ते वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. ती गटाने एकत्र अर्ज करून घ्यावी. ग्रामपंचायतीकडे अनुदान मागण्यापेक्षा तीन गोष्टी मागा: वापराविना पडलेली इमारत रास्त भाड्याने, शेडपर्यंत बारमाही रस्ता, आणि तीन फेज विजेसाठी पाठपुरावा. ग्रामसभेत हे विषय लेखी द्या म्हणजे ते इतिवृत्तात येतील.

पुढच्या हंगामाचं वेळापत्रक

मार्चची बी गाठायची असेल तर कामं पावसाळ्यातच सुरू झाली पाहिजेत. जून-जुलैत सातबारा, पतअहवाल आणि उद्यम नोंदणी. गणपतीत मजुरीवर तयार केलेल्या मालाची विक्री आणि गिऱ्हाइकांची यादी. सप्टेंबरपर्यंत योजनेचा आणि कॅश क्रेडिटचा अर्ज एकत्र, कारण यंत्राचं कर्ज मंजूर झाल्यावर खेळत्या भांडवलाचा अर्ज वेगळा केला तर बहुधा तोच मागे पडतो. डिसेंबरपर्यंत मंजुरी आली नसेल तर यंत्राची मागणी नोंदवू नका, ते वर्षही मजुरीवरच काढा. मंजुरी आली असेल तर जानेवारीत यंत्र बसवून जुन्या बीवर चाचणी घ्या. फेब्रुवारीत बागायतदारांशी भाव बोलायला बसाल, तेव्हा कॅश क्रेडिट खातं वापरात आलेलं असावं आणि प्रत्येक बागेतली किलोभर बी फोडून गर किती निघतो, याची नोंद वहीत असावी.